ओठापर्यंत तेल

“…आणि माझी पाळी कधी, महाराज?”

हिरागिरी महाराज ओल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. पठारावरच्या त्यांच्या मठात शेंगा आल्या, की ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले,

“कसली पाळी?”

“प्रवचनाची.”

विश्वंभरला हे नव्याने सांगावं लागलं याचा राग आला. तो काय मागतो आहे हे मठात कोणाला ठाऊक नव्हतं? त्रिपुरी पौर्णिमेला मठाचा भंडारा असे. भर दुपारी सगळं पठार जेवायला लोटे. पानं मांडण्याआधी आसनावर बसून कोणीतरी प्रवचन करी. महाराज स्वतः कधी करत नसत. बाहेरगावचे विद्वान येत. विश्वंभर खांबाला टेकून ऐकायला बसे आणि मनातल्या मनात त्यांच्या चुका काढत राही.

कॉलेजात संस्कृत शिकवणं सोडून तो इथे आला होता. पाठांतर दांडगं, आवाज खणखणीत. गाभाऱ्यातला नंदादीप त्याच्याकडे होता. दिवा विझणं तर सोडाच, त्यातलं तेल कधी बोटभर खाली उतरलेलंही कोणी पाहिलं नव्हतं.

“कशावर बोलशील?”

“मृत्यूवर.”

महाराजांनी मान वर केली.

“खोरशेदबाई येणार आहेत ना यंदा,” विश्वंभर म्हणाला. “त्यांचे यजमान गेल्यापासून त्या फार खचल्यात. आत्मा अविनाशी आहे हे नीट उलगडून सांगितलं, तर त्यांचं दुःख हलकं होईल.”

“होईल?”

“शास्त्राधार आहे, महाराज.”

“असेल, असेल.”

महाराजांनी आणखी एक शेंग फोडली. ती पोकळ निघाली. तिच्याकडे बघून ते हसले.

“बस यंदा आसनावर,” ते म्हणाले.

विश्वंभरला आपण नीट ऐकलं की नाही, कळेना.

“पण मैदान कापून झालं पाहिजे. पंगत बसायच्या आत. आणि कापायचं तू. अर्धवट राहिलं, तर आसन रिकामं राहील. त्याचं काय, रिकामं आसनही शोभतं.”

*

मैदान म्हणजे देवळामागचा पठाराचा मोकळा तुकडा. पावसानं तिथे गुडघाभर गवत माजलं होतं. एरवी गावची माणसं विळे घेऊन येत. यंदा मठात मशीन होतं.

ते खोरशेदबाईंनी दिलेलं. पलीकडच्या थंड हवेच्या गावात त्यांचा बंगला होता, बंगल्यापुढे हिरवळ होती, आणि हिरवळीवर त्यांचे यजमान नौशिरशेट एक छोटा लाल ट्रॅक्टर फिरवत असत. पोटाखाली पाती असलेला, गवत कापत जाणारा. नौशिरशेट गेले. बाईंनी ट्रॅक्टर मठात पाठवून दिला. महाराजांना म्हणाल्या, “त्याचा आवाज मला ऐकवत नाही, आणि तो बंद उभा असलेला बघवत नाही. तुम्ही चालवा. मी भंडाऱ्याला येईन, तेव्हा चालताना दिसू दे.”

पहिल्या सकाळी विश्वंभर सीटवर बसून किल्ली फिरवणार, तोच महाराज म्हणाले,

“उतर. आधी तेल बघ.”

“काल पोचवणाऱ्यांनी बघितलं असेल.”

“त्यांनी कालचं बघितलं.”

विश्वंभर उतरला. महाराजांनी झाकण उचलून दाखवलं. इंजिनाच्या कडेला एक टोपण होतं. ते फिरवून ओढलं, की खाली लोखंडाची लांब पट्टी निघे. पट्टीच्या टोकाला दोन खुणा, एक वर, एक खाली.

“बाईंनी मला एवढं एकच शिकवलं,” महाराज म्हणाले. “ते मी तुला शिकवतो. बाकी ह्या घोड्याचं मलाही काही कळत नाही. काढ.”

विश्वंभरनं पट्टी काढली.

“काय दिसतं?”

“भरलंय. वरपर्यंत.”

“कशावरून?”

“पट्टी वरपर्यंत भिजलीय, महाराज.”

“रात्रभर डोहात उभा राहिलेला माणूस भिजलेलाच असणार. त्यावरून पाणी किती ते कसं सांगशील?”

“मग?”

“पूस.”

त्यानं पुसली.

“पुन्हा घाल. …आता काढ.”

काढली. आता तेल दोन्ही खुणांच्या मध्ये होतं, खालच्या खुणेला जवळ. विश्वंभरनं पट्टी डोळ्यांजवळ धरली. भोक तेच, पट्टी तीच, इंजिनही तेच.

“पहिल्यांदा खोटं का बोलली?”

“खोटं नाही बोलली. मागचं बोलली.”

विश्वंभरला हे वाक्य आवडलं. प्रवचनात कुठे बसेल, याचा विचार करत त्यानं टोपण लावलं आणि किल्ली फिरवली.

*

गवत कापण्यात एक मजा आहे, आणि ती विश्वंभरला दुसऱ्याच दिवशी कळली. मात्र ते तो कबूल करायला तयार नव्हता. मागे वळून पाहिलं, की आपण आलो तो पट्टा तुळतुळीत दिसे. बगळे मागून चालत येत. गवताचा ओला, गोडसर वास नाकात बसे. तो स्टिअरिंग धरून मोठमोठ्यानं श्लोक म्हणे, आणि इंजिनाच्या आवाजात कोणाला काही ऐकू येत नसे.

मुदपाकखाना सांभाळणाऱ्या सगुणाबाई ओट्यावरून ओरडत, “दादा, गवताला मोक्ष देताय का?”

“तुम्हालाही देईन, सगुणाबाई!”

“आधी जेवायला या. मोक्ष संध्याकाळी घेऊ!”

रोज सकाळी तो तेल बघे. पट्टी काढे, पुसे, घाले, काढे. हात ते करत आणि मन पौर्णिमेच्या आसनावर बसलेलं असे. पहिला श्लोक कोणता, कुठे थांबायचं, खोरशेदबाईंकडे कधी बघायचं. तो शेवटच्या परिच्छेदापाशी आला, की त्याचा स्वतःचाच कंठ दाटून येई.

आसनावर घालायचं नवं उपरणंही त्यानं इस्त्री करून ठेवलं होतं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या अंगाचा एक तुकडा तेवढा उरला. तासाभराचं काम. सकाळी सहज होईल.

*

त्रिपुरी पौर्णिमेला मठातला प्रत्येक दिवा ओठापर्यंत भरायचा, अशी रीत होती. गाभाऱ्यातला नंदादीप, दीपमाळेवरच्या पणत्या, दारातली समई. उणं तेल त्या दिवशी कुठेही चालत नसे. पहाटे विश्वंभर तेलाचं भांडं घेऊन सगळीकडे फिरला. हात सराईत होते. थेंबही सांडला नाही.

फिरत फिरत तो ट्रॅक्टरपाशी आला.

पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. तेल दोन्ही खुणांच्या मध्ये.

मध्ये?

आजच्या दिवशी?

खोरशेदबाईंनी सोबत दिलेला इंजिन ऑइलचा डबा भिंतीशी होता. विश्वंभरनं टोपण काढलं आणि ओतत गेला. पूजेला ओततात तसं, संथ, एका धारेनं. तेल तोंडाशी येऊन चमकलं, तेव्हा तो थांबला आणि त्यानं इंजिनाला नमस्कारही केला.

मग उपरणं खांद्यावर टाकून तो सीटवर बसला. कापून झालं की थेट आसनावरच जायचं होतं.

किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. ते धरलं आणि जोरानं थरथरू लागलं. पुढच्या क्षणी मागून धुराचा असा लोट उठला, की देऊळ दिसेनासं झालं. पांढरा, निळसर, दाट. गिअर टाकेपर्यंत विश्वंभरला स्वतःचे हातही दिसेनात.

मुदपाकखान्यातून सगुणाबाई धावत आल्या. त्यांनी एकदा धुराकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“अगंबाई! महाराज, लवकर या! दादा सदेह कैलासाला चालले!”

विश्वंभरनं इंजिन बंद केलं. धुरातून तो बाहेर आला तेव्हा पत्रावळी उतरवणारी माणसं हातातलं काम टाकून हसत होती. सूर्य चांगला वर आला होता. देवळाच्या अंगाचं गवत तसंच उभं होतं.

महाराज आले. त्यांनी वास घेतला.

“काय केलंस?”

“तेल भरलं.”

“किती?”

“…ओठापर्यंत.”

“ओठापर्यंत?”

“आज पौर्णिमा आहे, महाराज. दिवे भरतो तसं…”

महाराज त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हललं. मग खांदे. मग ते गवतातच खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या हसण्यात इतकी मजा होती, की विश्वंभरला नीट रागावताही येईना.

“अरे, दिवा तेल पितो,” शेवटी ते म्हणाले. “हा बिचारा त्यात नुसता फिरतो. बाई म्हणाल्या होत्या, कमी पडलं तर जळतो, जास्त झालं तर गुदमरतो.”

“हे आपण मला सांगितलं नाहीत!”

“तू विचारलं नाहीस. तुला पाठ होतं.”

विश्वंभरनं उरलेल्या गवताकडे बघितलं. खाली घाटात गाड्यांचे हॉर्न वाजू लागले होते. माणसं यायला लागली होती. गवत राहिलं, की आसन रिकामं. यंदाची पाळी गेली, तर पुढली कधी?

“काढावं लागेल,” तो म्हणाला.

“काढ.”

“किती काढू?”

“मला काय विचारतोस? मी का इंजिन आहे?”

*

त्यानं पाना आणला, घमेलं आणलं. खाली झोपून बोल्ट सैल केला. तेल आलं, कोमट, मधाच्या रंगाचं. थोडं जाऊ देऊन त्यानं बोल्ट आवळला. लगेच पट्टी काढली, तर तिच्यावर नुसता तेलाचा राडा. वर-खाली काही कळेना.

“थांब,” महाराज म्हणाले. “आत अजून खळबळ आहे.”

“वेळ नाही, महाराज.”

“त्याला आहे.”

थांबावं लागलं. विश्वंभर मातीत बसून राहिला. हातात दुसरं काहीच नव्हतं.

मग त्यानं पट्टी काढली. पुसायला फडकं शोधलं. फडकं धुराच्या गडबडीत कुठे गेलं होतं कोण जाणे. त्यानं खांद्यावरचं उपरणं ओढलं, दातात धरून काठ टरकन फाडला आणि पट्टी पुसली.

महाराजांनी ते बघितलं.

घातली. काढली. अजून वरच्या खुणेच्या बरंच वर.

पुन्हा खाली झोपला. पुन्हा थोडं काढलं. पुन्हा थांबला. पुसली, घातली, काढली.

ट्रॅक्टर जरा कलंडून उभा आहे हे त्याच्या मध्येच लक्षात आलं. चाकाखाली उंचवटा होता. त्यानं ढकलून तो सपाट जागी घेतला आणि सगळं पहिल्यापासून केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

हळूहळू त्याला एक गोष्ट दिसू लागली. पट्टीवर तेल संपतं तिथे एक कड असते. बारीक, केसाइतकी. वर कोरडं लोखंड, खाली ओलं, आणि मध्ये ती रेघ. ऊन तिच्यावर पडलं, की ती सोन्याची होते. श्वास जोरानं सोडला, तरी जराशी हलल्यासारखी वाटते. पुसली की नाहीशी होते. पुन्हा बुडवली की पुन्हा येते, आणि दर वेळी ती नवीन असते.

एकदा ती वरच्या खुणेला टेकली.

एकदा तिच्या जरा खाली आली.

विश्वंभर हसला. एकटाच.

“झालं,” तो म्हणाला. मग ऐकायला जवळ कोणी नाही हे त्याला दिसलं. महाराज केव्हाच उठून गेले होते.

त्यानं इंजिन सुरू केलं. आधी धूर आला, मग विरळ झाला, मग एकदम बंद झाला, आणि त्या लाल यंत्राचा आवाज असा गोल, भरीव झाला, की पत्रावळी लावणाऱ्या माणसांनीही मान वळवली. विश्वंभरनं पाती खाली सोडली. गवत उडू लागलं. बगळे कुठून तरी आलेच.

या वेळी तो श्लोक म्हणत नव्हता.

शेवटच्या पट्ट्याला वळताना त्याला आंब्याखाली खोरशेदबाई दिसल्या. पांढरी साडी, हातात काठी, डोळे मिटलेले. त्या बघत नव्हत्या. ऐकत होत्या.

*

मैदान भरलं. विश्वंभरला हातपाय धुवायचे होते, उपरणं बदलायचं होतं.

“राहू दे,” महाराज म्हणाले. “बस.”

तो आसनावर बसला. बोटं काळी, कपाळावर भस्माच्या जागी तेलाचा पट्टा, उपरण्याचा काठ फाटलेला. समोर सगळं पठार. त्यानं डोळे मिटले. पहिला श्लोक आला…

“डिकरा, सुरू करायच्या आधी एक विचारू?”

खोरशेदबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर होत्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्या पुढे झुकल्या.

“विचारा ना, बाई.”

“माझा नौशिर रोज सकाळी ह्या मशीनचं तेल बघायचा. रोज! गवत कापायचं नसलं, तरी. मी खिडकीतून हाका मारायची, अंडी केली आहेत, ये. तो तिथेच. वाकलेला, ती पट्टी हातात. ओ नाही देणार. आमची भांडणं झाली त्यावरून, खूप झाली. मला वाटायचं, घरात यायचं नाही म्हणून तिथे उभा राहतो. माझ्याशी बोलायला नको म्हणून.” त्या थांबल्या. “आता विचारायला तो नाही. तू सांग. काय बघत होता तो इतका वेळ?”



विश्वंभरजवळ उत्तर होतं. एक नव्हे, अनेक होती. देह, आत्मा, वस्त्र, जीर्ण, नवीन. सगळी ओळीनं उभी होती. पहिलं वाक्य घशापर्यंत आलं…

ते तिथेच राहिलं.

“तेल,” तो म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

“तेलच असतं, बाई. पट्टीवर त्याची एक कड उमटते. ती पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा बघायची. बास. एवढंच.” त्यानं आपल्या काळ्या बोटांकडे बघितलं. “मी आज सकाळभर तीच बघत होतो. मला हे आसन आठवलं नाही. वेळ आठवली नाही. महाराज जवळून उठून गेले, ते कळलं नाही. सगुणाबाई म्हणतात, त्यांनी मला चहाला हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही.”

“घसा बसला माझा!” मागून सगुणाबाई ओरडल्या.

“मी त्यांच्यावर रागावलो नव्हतो,” विश्वंभर म्हणाला. “आणि ते काही तुमच्यावर रागावून तिथे उभे राहत नसणार. माणूस तिथे सुखात असतो, बाई. इतकं, की कोणी हाक मारतंय हे त्याला ठाऊकच नसतं.”

खोरशेदबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला. पदरानं डोळे टिपले. आणि पदराआडून त्या हसल्या, आधी हळू, मग चांगल्या मोठ्यानं.

“गाढव माणूस!” त्या म्हणाल्या. “एकदा सांगायचं तरी!”

सगळी पंगत हसली. हसू मैदानभर पसरत गेलं, घाटाच्या तोंडाशी बसलेल्यांना कशाला हसायचं ते माहीत नव्हतं, तरी तेही हसले.

ते ओसरेपर्यंत विश्वंभर थांबला. मग त्यानं मांडी नीट घातली, पाठ ताठ केली, खाकरून घसा साफ केला.

पण महाराज उठून उभे राहिले होते, आणि धोतर झटकत होते.

“महाराज… मी अजून सुरुवातच केली नाही.”

हिरागिरी महाराजांनी मुदपाकखान्याकडे वळून हात उंच केला.

“प्रवचन झालं,” ते म्हणाले. “पानं मांडा.”